बावड्याच्या कॉम्प्युटरला सुमन सोसत नव्हती

सकाळपासून तिसऱ्यांदा कॉम्प्युटर हँग झाला, तेव्हा सुमननं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “बघितलं का बाई? असं हुतंय.”

बघितलं. कर्सर जिथं होता तिथंच चिकटून बसलेला. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. शेवटी रीसेट दाबलं. मशीन पुन्हा चालू झालं, पण मघापासून भरलेल्या अकरा गाई गेल्या.

गाई म्हणजे गाईंची माहिती. बावड्याच्या त्या दूध संस्थेनं सभासदांच्या सगळ्या जनावरांची नोंद कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं होतं. कोणाची गाय, कोणत्या जातीची, कधी भरवली, कधी व्याली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा इंदापूर तालुक्यात कॉम्प्युटर बोटावर मोजण्याएवढे. आपल्या गाईचं नाव काचेवर उमटलेलं बघायला माणसं खिडकीशी यायची. पण त्या प्रोग्रामची एक खोड होती. वीस गाई भरून झाल्या की तो त्या एकदम डिस्कवर लिहायचा. मधेच हँग झाला की तोवरच्या सगळ्या पुसल्या. सुमन दिवसभर भरायची आणि संध्याकाळी निम्म्या गाई पुन्हा गोठ्याबाहेर.

आता माझं सांगते. बारामतीत माझा टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. क्लाससाठी एक जुनं मशीन घेतलं, ते सारखं बिघडायचं, आणि दुरुस्त करायला पुण्याहून माणूस यायला आठ-आठ दिवस लागायचे. मग मीच स्क्रू ड्रायव्हर घेतला. मॅन्युअल पुढ्यात, शेजारी डिक्शनरी, असं करत करत शिकले. पुढं आजूबाजूच्या दोन-चार ऑफिसांतले कॉम्प्युटर मीच बघायला लागले. सुमन माझ्याकडंच शिकलेली. सांगवीची मुलगी, बावड्याला दिलेली. मराठी टायपिंगला तिच्याएवढी हलकी बोटं मी पुन्हा बघितली नाहीत. संस्थेला तिचं नाव मीच सुचवलं होतं.

आणि बुधवारी संस्थेच्या चेअरमनचा फोन आला. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबा माणूस सरळ. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

“बाई, तुमची पोरगी चांगली हाय. पर मशीनला ती सोसंना. दुसरं कोन बी बसलं तर चालतंय, ही बसली की बंद. शनवारी मीटिंग हाय. दुसरा मानूस बघायचं ठरतंय. तुमच्या कानावर घातलं.”

मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा, मी येते. गुरुवारी सकाळची एसटी धरली, इंदापूरला गाडी बदलली आणि दहाच्या सुमाराला पोचले.

ऑफिसात पाय ठेवला न ठेवला तोच सल्ले सुरू झाले. माझा अनुभव असा, की घरात मिक्सर आला की माणूस मिक्सरचा जाणकार होतो, टीव्ही आला की टीव्हीचा, आणि कॉम्प्युटर नुसता खिडकीतून बघितला तरी पुरतं. दूध घालायला आलेला एक जण म्हणाला, आमचा टीव्ही असाच करतो, डोक्यात एक थाप घातली की येतो ताळ्यावर. दुसऱ्याचं मत, हे मॉडेलच जुनं, पेंटियम घ्यायला पाहिजे होता. पेंटियम म्हणजे काय ते त्याला विचारलं नाही, कारण मलाही तेव्हा ते निम्मंच माहीत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी पेपरात व्हायरसबद्दल वाचलं होतं. ते गंभीरपणे म्हणाले, फ्लॉपीतून येतो म्हणे. तेव्हापासून शिपाई फ्लॉपी चिमट्यात धरल्यासारखी दोन बोटांनी धरायला लागला होता.

सेक्रेटरी जगताप मात्र हिशेबी माणूस. कडक इस्त्रीची टेरिलिनची पँट, वर बिनबाह्यांचा स्वेटर. त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं क्रमानं सांगितलं. कॉम्प्युटर उन्हाळ्यात आला. दिवाळीपर्यंत सुरळीत चालला. थंडी पडली तसा हँग व्हायला लागला. कंपनीचा इंजिनिअर दोनदा आला. दोन्ही वेळा त्यानं तास-तास बसून तपासलं, एकदाही हँग झाला नाही. सुमन दोन दिवस रजेवर होती, तेव्हा जगतापांनी स्वतः खुर्चीत बसून नोंदी केल्या. एकदाही नाही.

“मॅडम, मी काय अंधश्रद्धाळू नाही,” ते म्हणाले. “पण मशीन तेच, प्रोग्राम तोच, लाइट तीच. बदलतंय ते फक्त माणूस. मग काय समजायचं?”

खरं सांगू? त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. 

कामाला लागले. कॉम्प्युटरची खोली त्यांनी देवघरासारखी ठेवली होती. चपला बाहेर. खिडकीला पडदा, मशीनला रुमाल. खाली शहाबादी फरशी, पण टेबलाखाली आणि खुर्चीखाली एक जाड काळं घोंगडं अंथरलेलं. पायांना इतकं उबदार वाटलं, की मी सुमनला म्हटलंसुद्धा, ही सोय चांगली केलीस.

आधी बघितलं मशीनचं अंतरंग. कव्हर काढून धूळ साफ केली, आतल्या पट्ट्या दाबून बसवल्या. मग व्हायरस शोधणारी फ्लॉपी लावली. काही नाही. मग सुमन काम करताना तासभर मागं उभी राहिले. चुकीचं एक बटण तिनं दाबलं नाही. आणि तरी मघाशी सांगितलं तसं, तीनदा हँग.

मग मी बल्ब काढला. इलेक्ट्रिशियन लोक वापरतात तसला, होल्डरला दोन वायरी लावलेला साधा बल्ब माझ्या पिशवीत कायम असायचा. प्लगला तीन भोकं असतात, त्यातलं वरचं मोठं ते अर्थिंगचं. मशीनमध्ये नको असलेली वीज तिथून जमिनीत निघून जावी म्हणून ते असतं. त्या भोकाची वायर ऑफिसमागं एका खड्ड्यात पुरलेली असते. त्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात आणि वरचेवर पाणी ओततात, म्हणजे जमीन ओली राहून वीज शोषते. मी बल्बची एक वायर करंटच्या भोकात आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात लावून बघितली, तर बल्ब दिव्यातली वात विझत आल्यासारखा लालसर. मागं जाऊन बघितलं. खड्डा कोरडा ठणठणीत, वर कडब्याची पेंढी.

माझा चेहरा फुलला. शिपायाला सांगून चार बादल्या पाणी ओतलं, मीठ टाकलं. पुन्हा बल्ब लावला, तर असा लख्ख पेटला की जगतापांनी डोळे बारीक केले. मी मोठ्या दिमाखात जाहीर केलं, दोष सापडला. चहा झाला. आबा म्हणाले, बाई, तुमी आला म्हनून. मी तो मान घेतलासुद्धा.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला कॉम्प्युटर हँग झाला.

 खिडकीशी उभा असलेला एक म्हातारा दुसऱ्याला हळूच म्हणाला, “खड्ड्याला पानी पाजून पोरीचं नशीब उघडतंय व्हय?” सुमनच्या कानावर ते गेलं. तिचा नवरा ट्रॅक्टरवर असायचा, घरची जमीन थोडी, पण तिला नोकरी गेल्याचं तेवढं दुःख नसतं झालं. ही हातगुणाची वाईट म्हणून गावात नाव पडलं असतं ना, ते तिला जन्मभर पुसता आलं नसतं. आज कॉम्प्युटर, उद्या दुभती गाय आटली तरी हिच्याकडंच बोट.

दुपारी ती डबा खायला गेली. मी तिच्या खुर्चीत बसले. तीच खुर्ची, तेच मशीन, पाय त्याच घोंगड्यावर. हट्टानं चाळीस गाई भरल्या. मधे दोनदा उठून पाणी प्याले, पुन्हा बसले. काही झालं नाही.  मनात आलं, जगताप म्हणतात तेच खरं की काय? पुस्तकं वाचून शिकलेली बाई मी, आणि अशी वेळ आली की सुमनकडं मीही वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आजही त्याची लाज वाटते.

सुमन आली. बसली. पंधरा मिनिटं काम नीट चाललं. खिडकीशी एक सभासद आला, त्याला कागद द्यायला ती उठली, परत येऊन बसली आणि कीबोर्डला हात लावला. हँग.

या वेळी तिचा बांध फुटला. तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी उठले, जवळ गेले आणि तिचा हात धरायला हात पुढं केला.

टक्.

बोटाला चटका बसला. दोघींनीही हात मागं घेतले.

“हे काय गं?”

“थंडीत असंच हुतंय मला,” ती नाक पुसत म्हणाली. “कपाटाच्या कडीला हात लावला तरी चावतं. लोखंडाला लावलं की लई.”

मी तिच्याकडं नीट बघितलं. अंगावर नायलॉनची साडी. बारामतीत तेव्हा निम्म्या बायका तीच नेसायच्या, धुवायला सोपी, इस्त्री नको. आणि माझ्या अंगावर सुती इरकल. आम्ही शाळेत फणी डोक्यावर घासून कागदाचे कपटे उचलायचो, ते आठवलं का तुम्हाला? घासलं की वीज तयार होते. प्लास्टिक, नायलॉन, लोकर यांच्यात जास्त. सुतात जवळजवळ नाहीच. हवेत ओल असली तर ती आपोआप जिरते, म्हणून पावसाळ्यात जाणवत नाही. कोरड्या थंडीत मात्र अंगावर साचून राहते. फरशीवर अनवाणी असाल तर पायातून निघून जाते. पण पायाखाली लोकर असेल तर ती जाणार कुठं? अंगावर धरून माणूस हिंडतो, आणि पहिल्या ज्या लोखंडाला, मशीनला हात लागेल तिथं टक्कन सोडतो. आपल्याला नुसता चटका. कॉम्प्युटरच्या बारीक तारांना मात्र ती वीज पडल्यासारखीच.

“सुमन, हे घोंगडं कधीपासून इथं?”

“थंडी पडल्यापासनं अंथरतीया, आधी कपाटावरच हुतं. फरशी लई गार लागती.”

“इंजिनिअर आला तेव्हा होतं?”

“न्हाय. साहेबाच्या पायात बूट हुतं. घोंगड्यावर बूट कसा चालंल? मी आधीच घडी घालून ठिवलं.”

“आणि तू रजेवर होतीस तेव्हा?”

“कपाटावर ठिवूनच गेले हुते. मी नसताना कोन बी चपला घालून चढंल. आमच्या तात्यांनी दिलेलं हाय ते.”

 बघा कसं आहे. मशीन तेच, प्रोग्राम तोच, लाइट तीच, आणि बदलतं फक्त माणूस, असं जगताप म्हणाले होते. माणसाबरोबर घोंगडंही बदलत होतं. ती असली की अंथरलेलं, ती नसली की घडी. ते तिनं मानापोटी केलं होतं, म्हणून कोणाच्या डोळ्यावर आलं नाही. माझ्याही नाही. मी तर त्यावर पाय ठेवून ऊब घेत होते.

तरी मला घाई नको होती. आदल्या दिवशी खड्ड्यानं तोंडघशी पाडलं होतं. मी मुक्कामाला सुमनकडंच होते. दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. तात्या, म्हणजे तिचे सासरे, अंगणात शेळीला पाला टाकत होते. पूर्वी या घरात मेंढरं होती, तोवर ती विकून झाली होती. शेवटच्या लोकरीची दोन घोंगडी त्यांनी विणून घेतली. एक घरात ठेवलं. दुसरं, कॉम्प्युटर आला त्या दिवशी ऑफिसात नेऊन दिलं. का, तर पाहुणा लांबून आलाय, पाहुण्याला घोंगडं पसरायचं असतं.

अशा माणसाला, तुमच्या घोंगड्यामुळं सुनेची नोकरी जातेय, हे कसं सांगायचं? मी जरा आडून सुरुवात केली. म्हटलं, तात्या, घोंगड्यात वीज असते का हो?

तात्या हसले. “असती की. थंडीत अंधारात घोंगडं झटकलं की चरचर वाजतं, बारीक ठिनग्या उडत्यात. रानात असताना आमी पोरं मुद्दाम झटकत बसायचो. तुमच्या बुकात न्हाय का ते?”

“आहे तात्या. पण मला आज सापडलं.”

मग सगळं सांगितलं. तात्या ऐकत राहिले.  मग सुमनकडं वळून म्हणाले, “पोरी, सांगायचं न्हाईस व्हय मला? म्या मानानं दिलं, तुझ्या मुळावर यायला न्हाय. उद्या म्या बी येतो.”

शनिवारी अकराला मीटिंग होती. मी आबांना म्हटलं, ठराव करायच्या आधी मला अर्धा तास द्या, आणि मीटिंग कॉम्प्युटरच्या खोलीत घ्या. सात-आठ संचालक भिंतीला लागून उभे राहिले. दारात तात्या. सुमन कोपऱ्यात. तिला मी मशीनला हातही लावू दिला नाही.

“जगताप भाऊ, तुम्ही बसा,” मी म्हटलं.

“मी बसून बघितलंय मॅडम. माझ्या हातानं होत नाही.”

“म्हणूनच तुम्ही बसा.”

खाली घोंगडं अंथरलेलंच होतं. जगताप बसले. मी त्यांना काही गाई भरायला लावल्या. मग म्हटलं, उठा, खिडकीपर्यंत जाऊन या. गेले, आले, बसले. टेरिलिनची पँट रेक्झिनच्या खुर्चीवर घासली. कीबोर्डला हात लावला. काही नाही. एक संचालक खाकरला. माझ्या मानेवर घाम आला, त्या थंडीत. म्हटलं, पुन्हा जाऊन या. पुन्हा गेले, बसले, जरा सरकून खुर्ची पुढं ओढली आणि बोट कीबोर्डकडं नेलं.

टक् आवाज मला ऐकू आला. जगतापांनी हात झटकला. कर्सर जागच्या जागी थिजला.

त्यांनी एक बटण दाबलं. मग दुसरं. मग सगळी.

 आबा पुढं झाले, स्क्रीन जवळून बघितला, जगतापांकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “बंद पडला की ओ सेक्रेटरी. आता कुनाला काढायचं? तुमाला?”

जो हशा उठला, तो बाहेर दूध घालणाऱ्यांपर्यंत गेला. जगतापसुद्धा हसले, हे त्यांचं मोठेपण. मग मी सगळं समजावलं. नायलॉन, टेरिलिन, लोकर, कोरडी थंडी. घोंगडं काढायला वाकले, तर तात्या पुढं आले. म्हणाले, माजं हाय, मी उचलतो. त्यांनी ते झटकलं, नीट घडी घातली आणि छातीशी धरलं.

आता फरशी उघडी. मी सुमनला म्हटलं, बस. ती बसली, नायलॉनच्या साडीतच. भरायला लागली. मी तिला पाच-सहा वेळा उठवलं, खिडकीशी पाठवलं, परत बसवलं. वीस झाल्या, प्रोग्रामनं डिस्कवर लिहिल्या. चाळीस झाल्या. साठ झाल्या. संचालक मंडळ मीटिंग विसरून गाई मोजत होतं. ऐंशीव्या गाईला आबा म्हणाले, बास, जेवायची वेळ झाली, आणि ठरावाचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

जाता जाता एक संचालक सुमनला म्हणाला, यापुढं सुतीच साडी नेसत जा पोरी. ती मान वर करून म्हणाली, “फरशी उघडी हाय आता. साडी मी माझ्या मनानं नेसंन.” तीन दिवसांत तिचा एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

घोंगडं परत घरी न्यायला आबांनी तात्यांना मनाई केली. ते त्यांच्या स्वतःच्या केबिनमध्ये पाहुण्यांच्या बाकावर अंथरलं गेलं. तिथं कुठलं मशीन नव्हतं, आणि पाहुण्याला चटका बसला तर बसला. आम्ही दोन नियम भिंतीवर लिहून लावले. अर्थिंगच्या खड्ड्याला दर सोमवारी पाणी. आणि मशीनला हात लावायच्या आधी लोखंडी कपाटाला हात लावायचा, म्हणजे अंगात जे काही असेल ते तिथं निघून जाईल. पुढं गेले तेव्हा बघितलं, शिपाई कपाटाला हात लावून तो हात कपाळाला टेकवत होता. म्हटलं, असू दे. नियम पाळला जातोय ना.

उन्हाळ्यापर्यंत सुमननं सगळ्या सभासदांच्या गाई भरल्या. इंजिनिअर पुढच्या वेळी आला, तेव्हा त्यानं तिला विचारलं, दोष काय निघाला. तिनं त्याला बूट काढून बसायला सांगितलं आणि मग समजावलं.

त्यानंतर मी पुष्कळ मशीनं बघितली. कॉम्प्युटर, प्रिंटर, फॅक्स, सगळं. आणि दर वर्षी कुठून तरी फोन यायचा, की बाई, आमच्या मशीनला अमका माणूस सोसत नाही. मी निदान वगैरे काही सांगत नसे. एवढंच विचारायची, त्याच्या पायाखाली काय आहे, ते बघून मला पुन्हा फोन करा.